तामोरे बाई आणि हाताची मुलं

तामोरे बाईंनी कुणा मुलाला ‘समजलं का?’ असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. या प्रश्नाला वर्गात एकच उत्तर येतं आणि ते खोटं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्या म्हणत, ‘‘आता मला समजव.’’ मग खुर्ची ओढून बसत, हनुवटीखाली मूठ धरत आणि चेहऱ्यावर अशी ठार अडाणी कळा आणत, की नववीतल्या पोराला खरोखरच त्यांची कीव येई. तो समजवायला लागे. अर्ध्या वाटेवर बाई विचारत, ‘‘पण मग तो वजा कुठं गेला?’’ पोरगा फळ्याकडे वळून वजा शोधू लागे. तो सापडेपर्यंत तास संपे.

मी त्या शाळेत लिपिक आहे. शाळांमध्ये लिपिकाला भाऊसाहेब म्हणतात, आडनाव राऊत म्हणून मी राऊत भाऊसाहेब. शाळा बोईसरजवळची, एका खाजगी संस्थेची. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच दिवस काढायचेत. आमच्याकडे कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची मुलं येतात, किनाऱ्याकडची येतात, आणि पूर्वेला डोंगराकडच्या पाड्यांवरूनही येतात. बाई स्वतः किनाऱ्यावरच्या मुरबं गावच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या संस्थेनं त्यांना गणितासाठी मानधनावर घेतलं होतं. दर जूनला त्यांना नवं नेमणूकपत्र लागे. ते मी टाईप करत असे आणि त्या ते तांबड्या पेनानं तपासून मला परत देत. मुख्याध्यापकांच्या सूचनावहीवरही त्यांचा तांबडा पेन फिरत असे. मुख्याध्यापकांना आम्ही मोठे सर म्हणतो. मोठ्या सरांना ते आवडत नसे, पण पुढच्या सूचनेत ती चूक नसे.

खडूचे तुकडे त्या पदराच्या टोकाला बांधून ठेवत. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा डबा उघडला की शिक्षक खोलीतल्या खिडक्या आपोआप उघडत, कारण सुक्या जवळ्याची चटणी रोजच असे. नाक मुरडणाऱ्यांना त्या आग्रह करून वाढत. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली. पण चिडल्या की मुरबं बाहेर पडे, मग समोर कोण आहे ते त्या बघत नसत.

टाळेबंदी संपली, शाळा भरू लागली, पण ऑनलाइन काही गेलं नाही. सणाला आलेला जावई घरजावई व्हावा तसं ते राहून गेलं. शनिवारी शाळा मोबाईलवर, परीक्षेच्या आधी महिनाभर अर्धी मोबाईलवर. आणि एका वर्षी, कुठल्याशा कंपनीच्या मदतीनं, संस्थेनं एक अ‍ॅप घेतलं. ते समजावून द्यायला मुंबईकडून निखिल नावाचा एक समन्वयक आला. वय सव्वीसेक, दाढी कोरलेली, बोलणं गोड. त्यानं सांगितलं, की प्रत्येक मूल वेगळ्या वाटेनं शिकतं. कुणी डोळ्यानं, कुणी कानानं, कुणी हातानं. मूल कोणत्या प्रकारचं आहे ते अ‍ॅप वीस प्रश्नांत ओळखतं, आणि मग त्याच प्रकारचा धडा त्याला पाठवतं. ‘‘आजवर आपण सगळ्यांना एकाच तागडीत तोलत होतो,’’ तो म्हणाला. आम्ही सगळे ओशाळलो. मी तर फारच.

शिक्षकांनी नि लिपिकानंही ती चाचणी द्यायची होती. मी दृश्य निघालो. घरी जाऊन बायकोला सांगितलं, की मी डोळ्याचा माणूस आहे, तू बोलतेस ते माझ्या लक्षात राहत नाही याला शास्त्रीय कारण आहे. ती म्हणाली, ‘‘मग भाजी तरी बघून आणत जा.’’

तामोरे बाईंनी चाचणी तीनदा दिली. सोमवारी सकाळी त्या दृश्य निघाल्या. बुधवारी बाजार करून आल्यावर दिली तेव्हा कृती, म्हणजे हाताच्या. शुक्रवारी मोबाईलचं चार्जिंग संपत आलं होतं, घाईघाईत दिली, तेव्हा श्राव्य. तिन्ही निकाल त्यांनी मला छापायला लावले आणि मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवले. मोठे सर म्हणाले, ‘‘बाई, चाचणी एकदाच द्यायची असते.’’ 

‘‘ताप पण एकदाच बघायचा का?’’ बाई म्हणाल्या.

झालं. मुलांचे तीन गट पडले: दृश्य, श्राव्य, कृती. शिक्षक खोलीत त्यांना डोळे, कान, हात म्हणत. कुठलं मूल कशाचं ते हजेरीपटावर लिहायचं काम माझं. मी ते सुबक अक्षरात केलं. मला वाटलं होतं, आपण काही तरी पुढारलेलं करतोय.

धडे येऊ लागले. कानाच्या मुलांना भूमितीचा ध्वनिमुद्रित पाठ आला. ‘कल्पना करा, एक त्रिकोण आहे. त्याच्या डाव्या बाजूला आणखी एक त्रिकोण आहे.’ पुढची नऊ मिनिटं त्रिकोण वाढत गेले. डोळ्याच्या मुलांना कवितेचं चित्र आलं, कविता नव्हती. हाताच्या मुलांना वर्गसमीकरण आलं ते असं: चार पुठ्ठे कापा, दोऱ्यात ओवा, गोल फिरा, टाळ्या वाजवा, आणि समीकरणाचा अनुभव घ्या. उदाहरण एकही नव्हतं. हाताच्या मुलांना लिखाणाचा ताण द्यायचा नाही, अशी सूचना होती. दहावीचा पेपर मात्र टाळ्या वाजवून सोडवता येत नाही, हे अ‍ॅपला कुणी कळवलेलं दिसलं नाही.

बाई निखिलवर कधी ओरडल्या नाहीत. पोरगा आईबापापासून लांब राहतो, खानावळीत जेवतो, म्हणून त्याला चटणी जास्तच वाढत. एकदा त्यांनी त्याला विचारलं, ‘‘तुम्ही स्वतः कशाचे हो?’’ 

‘‘श्राव्य, मॅडम. मला एकदा ऐकलं की पुरतं.’’ 

‘‘बरं झालं. रविवारी पापलेट आणायचंय, माझी मेली कंबर धरलीय, बाजारात जाववत नाय. तेवढं आणून सोमवारी शाळेत द्याल?’’ 

बाई ठणठणीत होत्या. त्यांनी त्याला चार मिनिटांचा आवाजी संदेश पाठवला. कल्ला कसा हवा, डोळा कसा हवा, बोटानं दाबल्यावर काय व्हायला हवं, सगळं नीट, पुस्तकी भाषेत. निखिल कानात मोबाईलची बोंडं घालून पालघरच्या मासळी बाजारात गेला, संदेश दोनदा ऐकला आणि एक मासा निवडून घेऊन आला.

सोमवारी ती पिशवी शिक्षक खोलीत उघडली गेली, त्याची मी शपथेवर साक्ष देईन. बर्फात ठेवूनही तो मासा काही लपवायच्या परिस्थितीत नव्हता. शिवाय ते पापलेट नव्हतं, हलवा नावाचा दुसराच मासा होता. बाईंनी निखिलचं बोट धरलं आणि माशाच्या पाठीत खुपसलं. ‘‘खड्डा पडला? वर आला का? नाय आला. म्हणजे शिळा. आता हा कल्ला बघा. तांबडा पाहिजे, हा चॉकलेटी झालाय. आता वास घ्या. घ्या हो, मरत नाय माणूस.’’ दुसऱ्या पिशवीतून त्यांनी ताजं पापलेट काढलं आणि तेच सगळं पुन्हा करून घेतलं. मिनिटभर लागलं असेल. निखिल म्हणाला, ‘‘अरे! कळलं.’’ 

‘‘मग आता तुम्ही कशाचे? कानाचे, डोळ्याचे, हाताचे, का नाकाचे?’’ 

निखिलनं बराच विचार केला. ‘‘मॅडम, पण मासळी हा घटक अभ्यासक्रमात नाहीये.’’

तेव्हा बाई चिडल्या आणि मुरबं बाहेर आलं. ‘‘बाला, पापलेट जाल्यानं धरतात. खेकडा हातानं काढतात. कालवं दगडावरनं कोयतीनं फोडाय लागतात. जे धरायचं त्याच्यावर हाय ते. धरनारा कसला हाय ते दर्यात कोन इचारत नाय! भूमितीला डोला लागतो, सगल्यांचा. कवितेला कान लागतो, सगल्यांचा. नि गनिताला हात दुखेपर्यंत लिवाय लागतं, सगल्यांना!’’

निखिलनं वहीत काही तरी लिहून घेतलं. पोरगा वाईट नव्हता. पण त्याचा पगार अ‍ॅपवर होता.

तो शिळा हलवा विकणारी बाई म्हणजे तामोरे बाईंची सख्खी धाकटी बहीण लीला. हे मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं, कारण मी म्हटलं, ‘‘बहिणीनं तरी त्याला बरा मासा द्यायचा.’’ 

‘‘तिनं दोनदा सांगितलं, दादा हा नको घेऊ. त्यानं कानात बोंडं घातलेली.’’ बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. ‘‘भाऊसाहेब, आमच्या घरी पण चाचणी झालेली. आमच्या आईनं घेतलेली. दोघींपुढं बोंबलाच्या दोन टोपल्या ठेवल्या, साफ करा म्हणाली. लीला सात वर्षांची, माझ्याआधी टोपली रिकामी केली. आई म्हणाली, हिचा हात चालतो, ही बाजारात. तू शाळेत जा. झालं. लीला पाढे माझ्याआधी पाठ करायची हो. माझ्या पाटीवरचं उलट्या बाजूनं वाचायची. हुशार तीच होती. मला माहीत होतं.’’ 

‘‘तुम्ही तेव्हा लहान होतात,’’ मी म्हटलं. 

‘‘माहीत होतं नि मी गप्प राहिले. मला शाळा पाहिजे होती.’’ 

असं काही बाई परत कधी बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. पण त्यानंतर त्या अ‍ॅपवर एवढ्या का तुटून पडतात, हे मला कोडं राहिलं नाही.

चाचणीचा निकाल लागला तेव्हा एक गोष्ट सगळ्यांनी कौतुकानं बोलून दाखवली होती. डोंगराकडच्या एका पाड्यावरची दहावीची अकरा मुलं अकराच्या अकरा हाताची निघाली होती. कंपनीला हे फार आवडलं. अहवाल गेला. पोस्टर छापलं गेलं, त्यावर ही मुलं मातीत हात घालून हसतायत असा फोटो होता. फोटो काढायला माती शाळेनं पुरवली होती. आणि संस्थेला त्यावरून कल्पना सुचली. अकरावीला नवी कौशल्य शाखा काढायची. शिवणकाम, विजेची जोडणी वगैरे. हाताच्या मुलांना प्रवेश तिथंच. शाखेला मान्यता मिळायला मुलांची संख्या दाखवावी लागणार होती, आणि ही अकरा मुलं त्यात धरूनच टाकली होती.

त्या अकरांत मनीषा होती. उंच, अबोल, एका वेणीची पोरगी. तिला नर्स व्हायचं होतं. का ते तिनं बाईंना सांगितलं होतं: आरोग्य केंद्रातली नर्स सुई टोचायच्या आधी कागदावरचं वाचते, आणि ती वाचेपर्यंत सगळे गप्प उभे राहतात. नर्स व्हायला तिला सायन्सला जायचं होतं, आणि सायन्सला जायला गणितात मार्क हवे होते. तिच्या मोबाईलवर मात्र पुठ्ठे नि टाळ्या येत होत्या.

बाईंनी अ‍ॅपला न विचारता मोबाईलवर चौथा गट काढला. त्याला नाव दिलं ‘सगळे’. त्यात त्या पाटीवर उदाहरण लिहून पाटी कॅमेऱ्यापुढे धरत, तोंडानं बोलत, मग मुलांना पाच उदाहरणं वहीत लिहून फोटो पाठवायला लावत. शेवटी एकानं बाकीच्यांना समजवायचं. पाड्यावर रेंज नव्हती. टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं तर दोन काड्या येत. तरी पुरेना, तेव्हा एका शनिवारी बाई स्वतःच निघाल्या.

एसटीनं फाट्यावर उतरल्या. मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी भेटली. बाईंनी विचारलं, पाडा कुठल्या बाजूला? म्हातारी काही बोलली नाही. मोळी रस्त्याच्या कडेला उतरवली आणि चालायला लागली. बाई म्हणाल्या, अहो आजी, नुसतं सांगा. आजी चालतच राहिली. अर्धा तास चढ चढून तिनं बाईंना मनीषाच्या दारात उभं केलं आणि मोळी आणायला परत खाली गेली. मनीषा म्हणाली, ‘‘बाई, आमच्यात वाट सांगत नाय. न्हेऊन सोडतात. नुसती सांगितली तं पाव्हन्याला हाकलल्यावानी होतं.’’

बाई तिथं ओट्यावर बसल्या आणि त्यांना चाचणीचा सातवा प्रश्न आठवला. ‘अनोळखी माणसानं रस्ता विचारला तर तुम्ही काय करता? अ) नकाशा काढून दाखवता. ब) तोंडी सांगता. क) सोबत चालत जाता.’ 

‘‘तू काय लिहिलंस गं?’’ 

‘‘क,’’ मनीषा म्हणाली. 

‘‘आणि बाकीच्यांनी?’’ 

मनीषानं खाली बघितलं. मग सगळं बाहेर आलं. चाचणीच्या दिवशी पाड्यावर रिचार्ज असलेला मोबाईल एकच होता आणि टाकीपाशी उन्हात उभं राहायला एकच तयार होती. बाकीची दहा जणं घरच्यांबरोबर कामावर गेली होती. मनीषानं आपली चाचणी खरी खरी दिली आणि मग तीच उत्तरं आणखी दहा वेळा भरली, कारण ज्याची चाचणी राहील त्याचा मोबाईलवरचा वर्ग बंद होईल, असं शाळेनं कळवलं होतं. कळवलं होतं म्हणजे मीच कळवलं होतं.

सोमवारी बाईंनी हे मोठ्या सरांना सांगितलं. ‘‘अकरा मुलं हाताची नायत. एक मुलगी सभ्य हाय. एवढंच सिद्ध झालंय.’’ 

मोठे सर म्हणाले, ‘‘बाई, अहवाल गेलाय. पोस्टर लागलंय. आणि आता कुणाचं काय बिघडतंय?’’

निखिल त्या दिवशी तिथंच होता. तो म्हणाला, की चाचणी पुन्हा घेता येईल. मोठ्या सरांनी त्याच्याकडे असं बघितलं, की पुढच्या महिन्यापासून तो दुसऱ्या जिल्ह्यात होता.

बाई शनिवारी पाड्यावर जात राहिल्या. दहावीचा निकाल लागला. अकरांपैकी नऊ पास झाले. मनीषाला गणितात एकसष्ट. बाईंनी शिक्षक खोलीत पेढे वाटले. आमच्या दोन शिक्षकांना वाटलं, बाईंच्या घरी नातवंड झालं.

प्रवेशाच्या दिवशी मी संगणकावर बसलो होतो. मनीषाचं नाव टाकलं की पुढं ‘कृती’ येई, आणि ‘कृती’ आलं की शाखेच्या रकान्यात ‘कौशल्य’ सोडून दुसरं काही उघडेना. मी तीनदा बघितलं. तो शब्द माझ्याच हजेरीपटावरून चढला होता. तिच्या वडिलांना संमतीच्या सहीसाठी मोठ्या सरांच्या खोलीत बोलावलं. जान्याभाऊ शेतीच्या दिवसांत आपल्या तुकड्यावर असतात आणि भात झाल्यावर वीटभट्टीला जातात. अंगात धुतलेला पांढरा शर्ट होता. ते उभेच होते. मनीषा त्यांच्या मागं. तामोरे बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मोठ्या सरांनी फार चांगल्या शब्दांत सांगितलं. ही मुलगी हातानं शिकणारी आहे. हा कमीपणा नाही, सन्मान आहे. तुमच्या लोकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांची कला असते.

मला वाटलं, आता बाई फुटणार. पण जान्याभाऊच बोलले, अगदी हळू.

‘‘सर, आमी तं सगला हातानंच केला. लावनी केली, वीटा पाडल्या, रेती काढली. माझ्या बापानं पन तेच केला. मला आजून कोनी नाय म्हनला, का जान्या, तू शिकतोस.’’

मोठे सर म्हणाले, ‘‘तसं नाही हो...’’

‘‘मंग तुमची पोरगी कशाची हाय?’’

हे त्यांनी टोमणा म्हणून विचारलं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मोठ्या सरांची मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तिची चाचणी झालेली नव्हती.

मग बाई आत आल्या. मोठ्या सरांसमोरची खुर्ची त्यांनी ओढली आणि जान्याभाऊंना दंडाला धरून तिच्यावर बसवलं. ‘‘सर, पोरीचा दाखला द्या. पालघरला दुसऱ्या कॉलेजात जागा आहे, मी विचारून आलेय. तीन वाजेपर्यंत घेतात.’’ 

‘‘बाई, शाखेची संख्या कमी पडेल. आणि जूनचं तुमचं पत्र अजून निघायचंय, हे लक्षात आहे ना?’’ 

‘‘दाखला आधी. पत्राचं मग बघू.’’

शाळा सोडल्याचा दाखला पालकानं मागितला की द्यावाच लागतो. मी छापील नमुना काढून भरायला बसलो. नाव, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक. मूल कशानं शिकतं असा रकाना त्यात नाही. सरकारला अजून ते सुचलेलं नाही, ही त्याची मेहेरबानी. प्रगतीच्या पुढं मी ‘उत्तम’ लिहिलं. लिहिताना मला माझी लाज वाटत होती. सुबक अक्षराचा मला आयुष्यभर अभिमान होता, आणि त्याच अक्षरात मी अकरा मुलांना एका शब्दात बांधून ठेवलं होतं. मोठ्या सरांनी सही केली. शिक्का मी मारला, जरा जोरातच बसला. बाई, मनीषा आणि जान्याभाऊ अडीचला रिक्षात बसून गेले.

जूनमध्ये तामोरे बाईंचं पत्र टाईप करायला मला कुणी सांगितलं नाही. मी दोन दिवस वाट बघितली, मग विचारलं. मोठे सर म्हणाले, ‘‘नवीन रक्ताला संधी द्यायची आहे.’’ निरोप समारंभ झाला नाही. कौशल्य शाखा मात्र निघाली. संख्या कशी भरली ते मी लिहीत नाही.

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या. वर्षभरानं असेल, पालघरच्या एसटी स्टँडवर. खांद्याला कापडी पिशवी, पाय जरा सुजलेले, आवाज तोच. मी नमस्कार केला आणि पहिल्यांदा मनीषाचंच विचारलं. 

‘‘नापास झाली,’’ बाई म्हणाल्या. 

मी म्हटलं, ‘‘अरेरे.’’ 

‘‘फिजिक्समध्ये. बाकी सगळं काढलं, फिजिक्समध्ये आपटली.’’ हे सांगताना त्यांच्या तोंडावर पेढे वाटल्यासारखा आनंद कशाला, ते मला कळेना. ‘‘पुन्हा परीक्षा आहे. शिकवायला पाड्यावरच चाललेय.’’ 

‘‘बाई, एवढ्या सगळ्यानंतर...’’ 

तेवढ्यात गाडी लागली. बाईंनी पिशवी खिडकीतून आत टाकून जागा धरली, दोघांना कोपरानं बाजूला केलं आणि वर चढल्या. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मी खाली उभा. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या.

‘‘अहो भाऊसाहेब, का नापास झाली ते तरी विचारा! नवरात्रभर गरबा खेळली, दिवाळीला मामाकडं जाऊन बसली, पुस्तक उघडलं नाय! तिचे सर मला म्हनले, मुलगी हुशार हाय, अभ्यास करत नाय. हाताची नाय म्हनले, कानाची नाय म्हनले. अभ्यास करत नाय म्हनले! तिच्या अख्ख्या घराण्यात हे कुनाला कोन म्हनला नव्हता!’’

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली. बाई अजून ओरडतच होत्या.

‘‘सगल्या पोरांसारखी नापास झाली हो!’’